पगारपत्रकातले शंभर रुपये

मागच्या महिन्यात आपल्या वाचक-बैठकीत चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा २४ वर्षांचा मुलगा उठला आणि त्याने मोबाइलवर आपले पगारपत्रक दाखवले. भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, कॅन्टीन आणि त्याखाली एक ओळ : सामाजिक निधी, १०० रुपये. तो म्हणाला, "सर, दर महिन्याला हे शंभर जातात. वर्षाचे बाराशे झाले. हे जकातीत धरायचे का?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण पटकन उत्तर सुचले नाही.

घरी येऊन विचार केला तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर तसे सोपे निघाले. जकात नियत करून द्यायची असते, आणि ती कोणाला द्यायची ते आठ वर्ग सूरह तौबामध्ये सांगितलेले आहेत. कारखान्याच्या निधीतून कधी झाडे लागतात, कधी शाळेची भिंत रंगवली जाते. चांगली कामे आहेत, पण ती त्या आठांत बसतीलच असे नाही. तेव्हा ते शंभर रुपये सदका समजावेत आणि जकातीचा हिशेब वेगळा ठेवावा, असे माझे मत मी त्याला फोन करून कळवले. मसला म्हणून पक्के हवे असेल तर ज्या आलिमवर तुझा विश्वास आहे त्यांना विचार, हेही सांगितले. तो म्हणाला, "ठीक आहे सर. पण मग हे जातात कुठे?"

हा प्रश्न मात्र मला त्या दिवसापासून सोडत नाही. कारण सोळा वर्षे नोकरी करून मी तो कधी विचारला नव्हता.

२००९ साली मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कंपनीत खरेदी विभागात लागलो. पहिल्याच वर्षी एका अनाथाश्रमाला धान्य द्यायचे म्हणून वर्गणीची यादी फिरत होती. ती माझ्या टेबलावर आली तेव्हा मी म्हणालो, "आमचं सगळं रमजानमध्ये असतं." यात खोटे काही नव्हते. रमजानमध्ये आमच्या घरातून जकात जाते, फित्रा जातो, गल्लीतल्या दोन विधवा बायकांचे रेशन अम्मी स्वतः भरून देते. पण ते वाक्य मी ज्या सुरात म्हणालो, त्याचा अर्थ समोरच्याने बरोबर घेतला. पुढच्या वर्षी सुरक्षारक्षकाच्या मुलीच्या ऑपरेशनसाठी यादी निघाली, ती माझ्या शेजारच्या टेबलावरून उठून माझ्या पलीकडच्या टेबलावर गेली. मी शिपाईकाकांना विचारले. ते अगदी सहज म्हणाले, "तुमचं वेगळं असतं ना साहेब."

संध्याकाळी गेटवर थांबून मी त्या रक्षकाच्या हातात ५०० रुपये ठेवले. उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये, ही शिकवण आठवून स्वतःची पाठ थोपटून घेतली. खरे सांगायचे तर ते गुप्तदान नव्हते, तो रुसवा होता. आणि रुसायला कारण मीच दिले होते.

मला वाटते, तुमच्यापैकी अनेकांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असेल. आपण देत नाही असे नाही. महिन्याचे पाचशे मोहल्ल्यातल्या शिष्यवृत्ती फंडाला, कोणाच्या डायलिसिससाठी हजार, ईदच्या आधी कपडे. सगळे रोख, सगळे हातोहात आणि सगळे आपल्याच गल्लीत. दुसरीकडे, जिथे आपण दिवसाचे नऊ तास घालवतो तिथे देण्याची एक वेगळीच व्यवस्था चालू असते : पगारातून कपात, त्यात कंपनीची भर, शनिवारचे श्रमदान, २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये कंपनीचा टी-शर्ट घालून एखाद्या संस्थेसाठी धावणे. या दोन व्यवस्थांची एकमेकींशी ओळख नाही. ती नसल्यामुळे नुकसान कोणाचे होते, हे मला चिपळूणमध्ये दिसले.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले. आमच्या कंपनीत दुसऱ्या दिवशी मेल आला, एक दिवसाचा पगार गोळा झाला, आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी नावे द्या असे सांगण्यात आले. मी नाव दिले. त्याच रात्री आमच्या मशिदीबाहेरही पेटी फिरली, तिच्यातही मी पैसे टाकले. कंपनीला मोहल्ल्याचे सांगितले नाही आणि मोहल्ल्यात कंपनीचे बोललो नाही. का, ते आज सांगता येणार नाही. दोन्हीकडे मी जरा वेगवेगळा माणूस होतो, एवढेच.

चिपळूणला पोहोचलो तेव्हा आमच्या ट्रकमध्ये बिस्किटे, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि कपडे होते. तिथे बिस्किटांचे ढीग आधीच लागले होते. जुन्या कपड्यांचे गाठोडे तर रस्त्याच्या कडेला भिजत पडले होते. लोकांना हवी होती फावडी, घमेली, झाडू, ब्लीचिंग पावडर, गमबूट आणि चिखल धुऊन काढायला पंप. दुकानांमध्ये गुडघाभर गाळ होता आणि तो वाळायला लागला की दगड होतो. आमच्याकडे २८ माणसे होती आणि फावडी चार.

दुपारी एका गल्लीच्या तोंडाशी मला ओळखीचा आवाज ऐकू आला. आमच्या मोहल्ल्याची पोरे! त्यांचा टेम्पो आदल्या रात्रीच आला होता. त्यांच्याकडे दोन पंप होते, जनरेटर होता, कारण त्यांतले तिघे गाड्या धुण्याचा धंदा करतात आणि गाळ कशाने निघतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मात्र डिझेलला पैसे संपत आले होते आणि माणसे सहाच होती. मी आमच्या टीमच्या प्रमुखांकडे गेलो, भीतभीतच म्हणालो, "सर, ही आमच्या भागातली मुलं आहेत." ते म्हणाले, "अरे, मग आधी नाही का सांगायचं?"

पुढचा दीड दिवस आम्ही एकत्र काम केले. कंपनीच्या पैशांनी डिझेल आले, फावडी आली. एक किराणा दुकान, एक पिठाची गिरणी, एक बालवाडी आणि सहा-सात घरे साफ झाली. फार मोठे काम झाले असे मी म्हणणार नाही. पण ही ओळख पुण्यातच झाली असती तर पहिला दिवस बिस्किटे वाटण्यात गेला नसता.

निघताना फोटो काढला गेला. कंपनीच्या बॅनरमागे सगळे उभे राहिले. जनसंपर्क विभागाच्या मुलीने आमच्या मोहल्ल्यातल्या दोन दाढीवाल्या पोरांना आग्रहाने पुढे बसवले, टोपी घालायलाही सांगितले. त्यातल्या एकाने टोपी गाळात पडली म्हणून सांगितले. ती त्याच्या खिशातच होती. तो फोटो पुढे कंपनीच्या वार्षिक अहवालात रंगीत पानावर छापून आला. त्या मुलीचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. पण आपण कामाला येतो की फोटोला, हे ठरवायची संधी आपल्यालाही मिळायला हवी. आणि ती पुढच्या रांगेत बसून मिळत नाही. ज्या टेबलावर ठरते, तिथे बसावे लागते.

ते टेबल कुठे असते?

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. ही रक्कम कंपनीची. त्याखेरीज कर्मचाऱ्यांनी दिलेले पैसे आणि दिलेला वेळ ही वेगळी गोष्ट. तुम्ही शनिवारी चार तास शाळेत शिकवलेत तर त्या तासांची किंमत लावून कंपनीला ती या २ टक्क्यांत दाखवता येत नाही, असे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे. तुमचा वेळ तुमचाच राहतो.

कोणत्या संस्थेला मदत द्यायची, हे कंपनीची समिती ठरवते. पण समितीसमोर नावे येतात ती बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांकडूनच. कोणाच्या बहिणीची संस्था असते, कोणी स्वतः ज्या वसतिगृहात शिकला ते असते, कोणाच्या गावातली शाळा असते. यात गैर काहीच नाही, माणूस आपल्या ओळखीचेच नाव सुचवणार. पण मग मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कोंढवा ही नावे त्या यादीत कमी का असतात, याचे एक उत्तर असे की ती सुचवणारा माणूस खोलीतच नसतो. दुसरेही उत्तर आहे आणि ते मला जास्त टोचले.

चिपळूणहून आल्यावर माझी भीड चेपली होती. डिसेंबर २०२१ मध्ये मी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेचा प्रस्ताव कंपनीला दिला. दोन खोल्या, ४० मुले, रात्री अकरापर्यंत दिवा चालू. त्यांना टेबल-खुर्च्या, पुस्तके आणि चार संगणक हवे होते. तीन आठवड्यांनी नकार आला. माझ्या मनात लगेच तेच आले जे तुमच्याही मनात आले असते. मी तावातावाने विचारायला गेलो. तिथल्या मॅडमनी फाइल उघडून दाखवली. संस्थेचे सीएसआर-१ नाही. आयकराचे १२ए आणि ८०जी प्रमाणपत्र नाही. तीन वर्षांचे लेखापरीक्षण नाही. अध्यक्ष म्हणून ज्यांचे नाव आहे ते चाचा वारून सहा वर्षे झालेली, आणि धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज केलेलाच नाही. "तुमच्या जागी कोणीही असतं तरी हेच सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका देवस्थानच्या वाचनालयालाही हेच सांगितलं."

भेदभाव होत नाही असे मी म्हणत नाही. घर भाड्याने घेताना तो मी दोनदा अनुभवला आहे. पण त्या दिवशी त्या टेबलावर तो नव्हता, आणि ते कबूल करायला मला घरी पोहोचेपर्यंतचा वेळ लागला.

त्याहून अवघड गोष्ट पुढे होती. जुन्या ट्रस्टच्या घटनेत उद्देश लिहिला होता : मोहल्ल्यातील मुस्लिम विद्यार्थ्यांची शैक्षणिक मदत. जी संस्था एखाद्याच धर्मसमुदायाच्या भल्यासाठी स्थापन झाली आहे, तिला ८०जीची सवलत मिळत नाही. म्हणजे नुसते कागद पूर्ण करून भागणार नव्हते. अभ्यासिका सर्वांसाठी आहे, असे लेखी म्हणावे लागणार होते.

त्यावर मशिदीच्या मागच्या खोलीत तीन बैठका झाल्या. ज्येष्ठांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. "आपल्याच पोरांना जागा पुरत नाही, त्यात सगळ्यांना उघडं केलं तर आपली जाणार कुठे?" एक जण म्हणाले, "सरकारचं, कंपनीचं नको. आपलं आपण करू. आजवर कोणासमोर हात पसरला नाही." या बोलण्यातला अभिमान मला समजतो. त्याच अभिमानावर आपल्या कितीतरी संस्था उभ्या राहिल्या. शेवटी बोलला तो अभ्यासिकेची किल्ली सांभाळणारा मुलगा. त्याने हजेरीचे रजिस्टर आणून टेबलावर ठेवले. ४० पैकी ११ मुले शेजारच्या वस्तीतली होती, बौद्ध आणि मातंग घरांतली. दोन वर्षांपासून येत होती. कोणी अडवले नव्हते, कोणाची जागा गेली नव्हती. घटनेत जे लिहायला आपण घाबरत होतो ते रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेले होते.

जुना ट्रस्ट तसाच ठेवून २०२२ मध्ये नवी संस्था नोंदवली. कंपनीच्या निधीसाठी अशा संस्थेला किमान तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास लागतो. म्हणजे तीन वर्षे थांबणे आले.

थांबायचे होते ते पैशांसाठी. माणसांसाठी थांबायची गरज नव्हती, कारण कोणाला शनिवारी येऊन शिकवायला सीएसआर-१ लागत नाही. हे मला सुचले नाही, आमच्या लेखा विभागातल्या काकांना सुचले. निवृत्तीला तेव्हा त्यांची दोन वर्षे उरली होती. कॅन्टीनमध्ये माझे रडगाणे ऐकून ते म्हणाले, "हिशेब मी बघतो. मला शनिवारी काम काय आहे?" पहिल्या शनिवारी ते आले तेव्हा पावती पुस्तके एका पिशवीत, खर्चाच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पिशवीत आणि तिसऱ्या पिशवीत काय आहे ते कोणालाच माहीत नव्हते. त्यांनी दहा महिने दर दुसऱ्या शनिवारी येऊन रोजकीर्द, खातेवही आणि बँकेचे खाते रांगेला लावले. किल्लीवाल्या मुलाला टॅली शिकवले. काका शाकाहारी, त्यामुळे सुरुवातीला आमच्याकडे त्यांना काय द्यायचे याची केवढी धावपळ! शेवटी चहा आणि नानखटाई यावर तह झाला. त्यांच्या घरी दिवाळीला त्या मुलाला बोलावणे असते. तो मुलगा आज एका सनदी लेखापालाकडे आर्टिकलशिप करतो.

त्यांच्यामागून बाकीचे आले. डिझाइन विभागातले दोन इंजिनियर आयटीआयच्या मुलांना मशीन ड्रॉइंग वाचायला शिकवू लागले. मनुष्यबळ विभागातल्या एक ताई मुलाखतीचा सराव घेतात, खोटी मुलाखत, पण इतकी कडक की एक मुलगी पहिल्यांदा रडली होती. तिला दोन महिन्यांनी बँकेत नोकरी लागली. भिंत रंगवायला दोनशे माणसे एका दिवसासाठी येतात आणि जातात. त्या भिंतीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ज्याला जे येते ते त्याने महिन्यातून दोनदा, वर्षभर देणे, याची सर त्याला येत नाही. आणि हे उलट बाजूनेही खरे आहे. आमच्या मोहल्ल्यातली तीन मुले आज वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये आहेत आणि त्यांच्या कंपन्यांच्या श्रमदानात जातात : एक मावळातल्या आश्रमशाळेत गणित शिकवतो, एक जण वृद्धाश्रमात फिजिओथेरपी करते. तिथल्या आजी तिला दर वेळी विचारतात, "लग्न कधी करणार गं?" म्हणजे ती तिथे घरचीच झाली.

मुलींबद्दल एक गोष्ट सांगायची राहते. हिंजवडीत काम करणाऱ्या आपल्या एका वाचक-भगिनीने मला सांगितले, "समाजकार्याला जाते म्हटलं तर अब्बा दहा प्रश्न विचारतात. ऑफिसचं आहे म्हटलं की गाडीची वेळ विचारतात." यातला विरोधाभास तिला कळतो, मलाही कळतो. पण तोपर्यंत ऑफिसचे दार उघडे असेल तर त्यातून का जाऊ नये?

आता कपातीकडे येतो, कारण ज्या शंभर रुपयांवरून हे सगळे सुरू झाले ते राहून जाईल. मदत ऐच्छिक असते असे प्रत्येक परिपत्रकात लिहिलेले असते. २०१८ च्या महापुरानंतर केरळ सरकारने कर्मचाऱ्यांना एक महिन्याचा पगार देण्याचे आवाहन केले. हप्त्यांची सोय होती. मात्र ज्यांना द्यायचा नाही त्यांनी तसे लेखी कळवावे, अशी अट होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तिथे त्या अटीला स्थगिती मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीत हस्तक्षेप करायला नकार दिला. नाही म्हणणाऱ्याने स्वतःहून आपली मान खाली का घालून घ्यावी, हा त्यातला मुद्दा. पूरग्रस्तांना मदत हवी होती यात वाद नव्हता. वाद होता तो हो न म्हणणाऱ्याचे मौन हा होकार धरावा का, यावर.

आमच्याकडे चिपळूणच्या वेळी नेमके हेच झाले. मेलमध्ये लिहिले होते, हरकत असल्यास कळवावे. १२ हजारांवर काम करणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांचाही एक दिवस कापला गेला. त्यांच्याकडे कंपनीचा मेल नव्हताच, हरकत कळवणार कशी? शिवाय कोणी किती दिले याची यादी नोटीस बोर्डावर लागली. त्या यादीत साहेबांचे नाव वर आणि कामगारांची खाली, जणू पैसे किती कापले गेले यावर कळकळ मोजायची. मी तेव्हा गप्प बसलो. पुढच्या वर्षी समितीत गेल्यावर पहिला प्रस्ताव मांडला तो हाच : जो लेखी हो म्हणेल त्याचीच कपात, कंत्राटी कामगारांकडून काही नाही, यादी बंद. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. यादी अजून लागते, रकमा मात्र गेल्या.

करसवलतीबद्दलही विचारणा होते. ८०जीची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते, नव्या करपद्धतीत मिळत नाही, आणि बहुतेक तरुणांचा पगार आता नव्या पद्धतीतच मोजला जातो. जुन्या पद्धतीत असाल तरी २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती लागू नाही. तेव्हा ते गणित डोक्यातून काढून टाकावे. त्यापेक्षा तुमची कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालते का, हे विचारा. विप्रोमध्ये विप्रो केअर्सच्या रूपाने अशी पद्धत आहे : कर्मचारी जेवढे देतात तेवढी भर कंपनी घालते. विप्रोचे नाव निघाले की आपली मंडळी अझीम प्रेमजींचा फोटो लगेच पुढे पाठवतात. त्यांच्या वडिलांनी, मोहम्मद हशम प्रेमजींनी, १९४५ मध्ये वनस्पती तेलाची ती कंपनी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला सुरू केली, हेही अभिमानाने सांगतात. सांगावेच. फक्त फोटो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपापल्या कंपनीत अशा योजनेच्या फॉर्मवर सही केली आहे, हे एकदा मला विचारायचे आहे.

रक्तदानाचे तर दोन ओळींत आटोपते. तुमच्या कंपनीचे शिबिर रमजानमध्ये येत असेल तर आयोजकांना आधीच सांगा, तारीख सरकते. आमच्याकडे एका मेलवर सरकली. सात वर्षे आम्ही नुसते आपापसात कुरकुरत होतो. तारीख सरकल्यावर मात्र जायचे, नाही तर पुढच्या वेळी कोणी ऐकणार नाही.

अभ्यासिकेच्या नव्या संस्थेची तीन वर्षे यंदा पूर्ण झाली. सीएसआर-१ झाले आहे. लेखा विभागातले काका आता निवृत्त आहेत, पण प्रस्तावाचा कच्चा खर्डा त्यांनीच तपासला आणि संगणकांची संख्या चारवरून सहा केली. गेल्या आठवड्यात तो समितीकडे गेला. मी समितीत असल्यामुळे त्या विषयाच्या वेळी बाहेर बसणार आहे, तसे लेखी दिले आहे. मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. या वेळी नकार आला तर कारण वाचून मग चिडायचे, एवढे ठरवले आहे.

आणि चाकणचा तो मुलगा. त्याने कारखान्याच्या ऑफिसात जाऊन विचारले, माझे शंभर रुपये कुठे जातात? आधी दोघांनी त्याला तिसऱ्याकडे पाठवले. तीन आठवड्यांनी त्याला दोन पानांचा हिशेब मिळाला : एका जिल्हा परिषद शाळेचे स्वच्छतागृह, दोन गावांत पाण्याच्या टाक्या आणि न वापरलेली बरीच शिल्लक. शेवटी निधी समितीच्या सदस्यांची नावे होती आणि कामगार प्रतिनिधी या रकान्यापुढे लिहिले होते : रिक्त. त्याने मला ते पान पाठवले आणि खाली विचारले, "सर, इथे नाव द्यायला काय करावं लागतं?" अर्जाचा नमुना मी त्याला पाठवला आहे. सूचक म्हणून त्याला एक सही लागणार आहे आणि ती तो त्याच्या लाइनवरच्या जाधवदादांकडे नाही, सुपरवायझरकडे मागणार आहे म्हणतो. मी म्हटले, दोघांकडेही माग.